आधी काढायचं, मग थांबायचं

जुलैतला कुठलाही रविवार घ्या. पुण्याच्या टेकड्यांवर सकाळी सातपासून रोपांच्या पिशव्या चढायला लागतात. शाळांची मुलं, कचेरीतले सहकारी, सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी, सगळे हौसेनं आलेले असतात. वेताळ टेकडीच्या एका उतारावर मात्र त्याच वेळी पंधरा-वीस माणसं कमरेत वाकलेली दिसतात आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात रोप नसतं. विळे असतात, कुदळी असतात, कोपरापर्यंत चढवलेले जाड हातमोजे असतात. बाजूला गोणपाटांत उपटलेलं गाजरगवत भरलेलं असतं. नवा माणूस आला की हमखास विचारतो, "झाडं कुठं लावायची?" आज लावायचं काही नाही, असं त्याला सांगितलं जातं. बहुतेक रविवारी नसतंच.

पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा पिशवीत जांभळाचं रोप घेऊन आल्या होत्या. बी त्यांनी स्वतः गॅलरीत, दुधाच्या पिशवीत रुजवलेलं. रोप आज घरी न्या, असं गटातल्या तरुण मुलांनी सांगितल्यावर त्यांना वाईट वाटलं. जांभूळ देशी झाड नाही का? आहे. पण ते ओढ्याकाठचं झाड आहे. त्याला खोल माती आणि ओलावा लागतो, आणि इथं उतारावर कुदळ मारली की चार बोटांवर मुरूम लागतो. देशी असणं पुरेसं नाही, त्या जागेचं असावं लागतं, ही गोष्ट त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा कळली. एवढ्या लांब बसनं आलोच आहोत तर थांबू, म्हणून त्या थांबल्या. आज गटात त्यांना सगळे काकू म्हणतात आणि नव्या माणसाला कामाला लावायचं काम त्यांच्याकडे असतं.

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. माथ्यावर वेताळाचं देऊळ, एका अंगाला जुनी दगडखाण आणि तिच्यात साठलेलं पाणी. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, त्यावर जमेल तितकी माती. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे. अशा जमिनीवर जे आपसूक वाढतं ते दाट, सावलीचं अरण्य नव्हे. तो माळ असतो: गुडघाभर गवत आणि त्यात अंतराअंतरावर सालई, मोई, पळस, पांगारा, हिवर, खैर, मेडशिंगी, गणेर. झुडपांमध्ये अमोणी, हेकळ, करवंद. पावसात जमिनीतून वर येणारे कंद: पांढरी मुसळी, कळलावी, दीपकाडी. हे सगळं टेकडीवर अजून आहे, पण तुकड्यातुकड्यांनी आहे. मधल्या जागा चार पाहुण्यांनी घेतल्या आहेत. घाणेरी, गाजरगवत, कॉसमॉस आणि उंदीरमारी. चारही मूळच्या अमेरिका खंडाच्या उष्ण भागातल्या.

काकूंच्या हातात पहिल्या दिवशी कुदळ आली ती घाणेरीसाठी. घाणेरीला टणटणीही म्हणतात. १९व्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचं झुडूप म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून देशभर पसरली. आता व्याघ्र प्रकल्पांपासून शहरातल्या टेकड्यांपर्यंत ती सगळीकडे आहे. ती काढणं सोपं वाटतं. विळ्यानं छाटली तर महिन्याभरात बुंध्यातून दहा नवे धुमारे येतात. जाळली तरी येतात. जोर लावून मुळासकट उपटावी तर भोवतालची माती मोकळी होते आणि तिच्यात पडून असलेल्या घाणेरीच्याच बिया उजेड मिळाल्याबरोबर रुजतात.

काकू पहिल्या झुडपाशी झटत होत्या तेव्हा शेजारून आवाज आला, "ताई, वर नका वढू. बुडख्याला घाव घाला, मातीच्या खाली."

हा आवाज मावशींचा. त्या मूळच्या मुळशी तालुक्यातल्या, आता टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत राहतात. गट त्यांना कामाच्या दिवसाची हजेरी देतो, आणि ते योग्यच आहे, कारण इथं येणाऱ्या इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक मंडळींपैकी कुदळ कशी धरायची हे पहिल्या दिवशी कुणालाच येत नव्हतं. मावशी सांगतात तीच गोष्ट दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात शास्त्रशुद्ध मांडली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केली. घाणेरीला नवे धुमारे फुटतात ते खोड आणि मूळ जिथं जुळतात त्या गाठीपासून. तेव्हा माती फार न उकरता, जमिनीच्या थोडं खाली मुख्य मूळ कुदळीच्या एका घावात तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं आकाशाकडे ठेवून, तिथंच वाळू द्यायचं. उलटं ठेवलं नाही तर ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या पुन्हा मुळं धरतात. खालची माती जवळपास हलतच नाही. हे काम फळं धरण्याआधी करायचं. त्याआधी झुडपात हात घालून बुलबुलाचं घरटं नाही ना हे पाहायचं, आणि असेल तर तेवढं झुडूप पुढच्या हंगामासाठी सोडून द्यायचं.

मग खरं काम सुरू होतं. घाणेरीची काळी फळं बुलबुल, साळुंक्या खातात आणि झाडावर बसून बिया टाकतात. त्यामुळे पुढच्या पावसात प्रत्येक मोठ्या झाडाखाली जाऊन बोटभर उंचीची रोपं हातानं उपटावी लागतात. त्याच्या पुढच्या पावसात पुन्हा. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात दाखवण्यासारखं काही नाही, आणि बहुतेक स्वयंसेवक इथंच गळतात. काकूंचं म्हणणं असं की पोस्टात आयुष्यभर टपाल वर्गवारी केलेल्या माणसाला याचा कंटाळा येत नाही. त्यांची नजर पानावरून चटकन ठरवते. खरखरीत, समोरासमोर, चुरडलं की उग्र वास, तर उपटा.

आपल्याकडे पर्यावरणाचं काम म्हणजे झाडं लावणं हे समीकरण फार घट्ट बसलं आहे. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आकडा समोर असला की काम दिसतं, मोजता येतं. उपटलेल्या रोपांचा फलक कुणी लावत नाही. म्हणूनच सिडनीतल्या दोन बहिणींची हकिगत या गटात वारंवार सांगितली जाते.

जोन आणि आयलीन ब्रॅडली या सिडनीच्या मॉसमन भागात राहायच्या. बंदराच्या काठावर अ‍ॅश्टन पार्क नावाचं रानवजा उद्यान होतं, तिथं त्या रोज फिरायला जात. १९६० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की तण माजलं की ते सरसकट कापून, उकरून साफ केलं जातं आणि दर वेळी ते आधीपेक्षा जास्त जोमानं परत येतं. त्यांनी फिरता फिरता हातानं तण काढायला सुरुवात केली. त्यातून तीन नियम निघाले. जिथं देशी झाडोरा सगळ्यात चांगला टिकून आहे तिथून सुरू करा आणि तिथून हळूहळू बिघडलेल्या भागाकडे सरका. माती कमीत कमी हलवा, वरचा पालापाचोळा जागच्या जागी परत ठेवा. आणि किती तण काढायचं हे स्वतःच्या उत्साहावर न ठरवता, मागची मोकळी झालेली जागा देशी रोपं किती वेगानं भरून काढतात त्यावर ठरवा. जोन १९८२ मध्ये वारल्या. त्यांचं 'ब्रिंगिंग बॅक द बुश' हे पुस्तक त्यानंतर, १९८८ मध्ये आलं. ऑस्ट्रेलियात आज हजारो लोक या वाटेनं काम करतात. आणि त्या बहिणींनी ज्या तणांशी झुंज घेतली त्यांत घाणेरीही होती.

पहिला नियम गळी उतरायला सगळ्यात अवघड जातो. माणूस टेकडीवर आला की त्याचे डोळे सगळ्यात वाईट कोपऱ्याकडे जातात. डोक्याएवढी घाणेरी, खाली प्लास्टिक, चला, हे साफ करू! दिवसअखेर तिथं उघडा, लालसर जमिनीचा चट्टा दिसतो आणि फार समाधान वाटतं. पहिल्या पावसानंतर त्या चट्ट्यावर गाजरगवत भरून येतं, कारण आजूबाजूला दुसऱ्या कशाचं बीच नसतं. याउलट जिथं शेडा, पवन्या, कुसळी ही गवतं अजून उभी आहेत, पळसाचे फुटवे आहेत, तिथली दोन-चार घाणेरीची झुडपं काढली तर कडेचं गवत दोन पावसाळ्यांत ती जागा घेतं. काहीही न लावता. गटानं म्हणून उताराच्या वरच्या अंगाला, जिथं माळ शाबूत होता तिथं, दोरी बांधून पट्टा आखला. पट्टा गवतानं भरला की दोरी खाली सरकते. तोवर सरकत नाही.

या थांबण्याचं फळ काकूंना मिळालं ते एका बारीकशा फुटव्याच्या रूपानं. घाणेरी काढलेल्या जागी तीन पानांचं, वीतभर उंचीचं काहीतरी दिसलं. नवं रोप आहे असं त्यांना वाटलं. मावशींनी बाजूची माती बोटांनी सारून दाखवली. खाली अंगठ्याहून जाड मूळ होतं. पळसाचं. माळावरची कितीतरी झाडं अशीच वाढतात. वरचा शेंडा दर उन्हाळ्यात वाळतो, गुरं खातात, वणव्यात जळतो, आणि खाली मूळ वर्षानुवर्षं साठा करत राहतं. एखाद्या वर्षी सवड मिळाली की शेंडा आग आणि गुरं पोहोचणार नाहीत इतका वर निघून जातो. म्हणजे ते रोप कदाचित तिथल्या घाणेरीपेक्षा जुनं होतं. खड्डे खणणाऱ्या टोळीनं याच जागी पहार घातली असती तर ते तुटलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. माळावर खड्डे खणण्याआधी महिनाभर नुसतं बघावं, हा आग्रह इथून येतो आणि तो मनापासून पटण्यासारखा आहे.

मावशींना अशा गोष्टी पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत. एका कुंपणाला चढलेला काटेरी वेल तोडायला निघालेल्या मुलाला त्यांनी हटकलं होतं. "आरं, वाघाटी हाय ती. बारशीला काय खाशील?" आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला वाघाटीची भाजी करायची रीत अनेक घरांत आहे. त्याच वेलीच्या पानांवर काही पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, ही माहिती मुलानं दिली, ती मावशींना नवी होती. वेल राहिला.

गाजरगवताचं काम वेगळं आणि घाईचं. हे तण भारतात पसरलं त्याची सुरुवातीची नोंद पुण्यातलीच, १९५५ च्या सुमाराची. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानलं जातं. एकेका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून पांढरी फुलं यायच्या आत, जून-जुलैत, माती ओली असताना ते मुळासकट उपटायचं. हातमोजे सक्तीचे. त्याच्या स्पर्शानं अंगावर पुरळ येतं, परागकणांनी दमा चाळवतो. ज्यांना त्रास होतो त्यांना दुसरं काम देतात. मेक्सिकोतून आणलेले, पांढऱ्या पंखांवर काळ्या रेघा असलेले भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूरुत सोडण्यात आले होते, त्यांचे वंशज आता पावसाळ्यात पुण्यातही या गवताचा फडशा पाडताना दिसतात. एखाद्या झाडावर ते दिसले तर ते झाड सोडून द्यायचं.

कॉसमॉसची गोष्ट नाजूक आहे. सप्टेंबरात टेकड्यांचे उतार नारिंगी-पिवळे होतात, माणसं लांबून फोटो काढायला येतात. ते दृश्य सुंदर आहे, यात वाद नाही. त्या फुलांच्या गर्दीखाली तेरडा, कवळा, सोनकी यांना जागा उरत नाही हे सांगायला गेलं की लोकांचे चेहरे उतरतात. काकू आता भाषण देत नाहीत. फोटो काढणाऱ्यांना त्या पट्ट्यात घेऊन जातात आणि कवळ्याची बारीक पिवळी फुलं दाखवतात. काही जण वाकून बघतात, काही परत जातात.

पण सगळ्यात मोठा पेच उंदीरमारीचा, म्हणजे गिरिपुष्पाचा. १९८० च्या दशकात, सामाजिक वनीकरणाच्या काळात, पुण्याच्या टेकड्यांवर हे झाड मोठ्या प्रमाणावर लागलं. कारणं खरी होती. टेकड्या चराईनं आणि लाकूडतोडीनं उघड्या पडल्या होत्या. हे झाड भराभर वाढतं, कोरड्यात टिकतं, जमिनीत नत्र साठवतं आणि गुरं-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. टेकड्या हिरव्या झाल्या. आता त्या हिरवाईखाली गवत विरळ आहे, आणि दर वर्षी शेंगा तडकून बिया दूर उडतात.

पट्ट्याजवळ उंदीरमारीची रोपं उपटली जात होती तेव्हा एक आजोबा काठी टेकत आले. त्या दशकात हाताला दोन कॅन धरून रोज पहाटे पाणी वर आणणाऱ्यांपैकी ते एक. "ही झाडं आम्ही जगवली. बोडकी टेकडी होती ही. आणि तुम्ही उपटायला निघालात?" कुणाला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या घामानं टेकडी बांधकामांपासून आणि उजाडपणापासून वाचली, हे कुणीही नाकारू नये. गटातल्या तरुणांना ते बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. उभ्या मोठ्या झाडाला हात लावायचा नाही हा नियम तसाही आहे. ही वनजमीन आहे, परवानगीशिवाय इथली काडीही तोडता येत नाही आणि तण काढण्याचं कामसुद्धा वनखात्याला विचारूनच चालतं. काढायची ती फक्त नवी रोपं, पहिल्या पावसात मूळ उथळ असतं तेव्हा. वादळात जुनं झाड पडलं तर तिथं दुसरी उंदीरमारी येऊ द्यायची नाही, त्या उजेडात जे देशी उगवेल ते सांभाळायचं. आजोबांना हे सगळं सांगितलं. पटलं नाही. ते अजून येतात, सावलीत बसतात, उन्हाळ्यात त्या झाडांखाली किती गार असतं हे सांगतात, आणि तेही खरं असतं.

"गवत म्हणजे जंगल तुटल्यावर उरलेलं" हा समज मात्र आता तपासायला हवा. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी वाङ्मयात, ओव्यांत, आख्यानांत कुठल्या रानझाडांचे उल्लेख येतात ते त्यांनी गोळा केले. अशा ४४ रानवनस्पतींपैकी २७ माळरानाच्या निघाल्या. इंग्रजांनी जंगलं तोडण्याच्या कितीतरी शतकं आधी या भागात माळच होता, त्यावर पळस, हिवर, खैर, तरवड होते आणि लोक त्यांच्याविषयी बोलत, गात होते. सरकारी कागदावर आजही माळाला पडीक म्हणायची सवय आहे. पडीक म्हटलं की त्यावर काहीही करायला मन धजावतं.

दिवाळीच्या सुमारास गटाचं काम बदलतं. गवत पिकतं. शेडा, पवन्या, मारवेल यांचं बी हातानं ओरबाडून कापडी पिशव्यांत भरायचं, वेगवेगळं वाळवायचं, आणि पुढच्या जूनमध्ये पट्ट्यात जिथं जागा उघडी राहिली असेल तिथंच विखरायचं. कुसळी गोळा करावी लागत नाही. ती स्वयंसेवकांच्या मोज्यांत, पॅंटच्या दुमडीत आपोआप जमा होते. तिचं कुसळ ओलं-कोरडं होताना पीळ घेतं आणि सोडतं, आणि त्या फिरण्यानं बी स्वतःला जमिनीत रोवतं. डिसेंबर सरला की जाळरेषा. वाळल्या गवताला एका विडीची ठिणगी पुरते, म्हणून पट्ट्याभोवतीचं गवत कापून मोकळी वाट ठेवावी लागते. हे काम उन्हात, धुळीत, पाठ मोडणारं.

मागच्या पावसाच्या तोंडावर एका कंपनीकडून निरोप आला होता: पाचशे माणसं, हजार रोपं, एक सकाळ. गटानं कळवलं की पाचशे नकोत, वीस या. पावसात नको, जानेवारीत या, जाळरेषा काढायला. रोपांचे पैसे विळ्यांना आणि मावशींच्या हजेरीला द्या. त्यावर कंपनीचं उत्तर आलं नाही. तो पत्रव्यवहार करणारी मुलगी मात्र पुढं एका रविवारी स्वतःच्या स्वतः आली आणि टिकली. शेडा आणि पवन्या यांतला फरक तिला काकूंनी दाखवला; काकूंना तो मावशींनी दाखवला होता. यंदाच्या मृगाआधी दोरी खाली सरकवायची की नाही यावर सध्या दोघींचं एकमत नाही. वरचा अर्धा पट्टा गवतानं भरला आहे, असं मुलगी म्हणते. काकूंनी तिला मोईच्या झाडाखाली नेऊन घाणेरीची बोटभर रोपं दाखवली आहेत आणि आणखी एक पावसाळा मागितला आहे. निर्णय मे महिन्यात, मावशी गावाहून परतल्यावर होईल.